कॉलेज सुटलं, आता चित्र सुटू नये

अगं, निकाल लागल्यावर सगळे अभिनंदन करत होते आणि तू एवढंच विचारलंस, "ताई, आता मी कुठे बसून काढू?" प्रश्न अगदी मुळाशी जाऊन विचारलास. इतकी वर्षं तुला ईझल होतं, उजेडाची खोली होती, समोर मॉडेल होतं, सबमिशनची तारीख होती. "हा दंड लांब झालाय बघ" म्हणणारं कुणीतरी पाठीशी उभं होतं. डिप्लोमा हातात पडला की हे सगळं एकदम जातं. शिकवणारे नाहीत म्हणून फारसं अडत नाही गं. बसायला जागा नसली आणि बघणारी माणसं नसली की अडतं. चांगल्या हाताची कितीतरी मुलं मी याच पहिल्या दोन वर्षांत गळताना पाहिली आहेत, म्हणून तुझ्याशी हे आत्ताच बोलते.

आधी जागेचं. एकटीने स्टुडिओ घ्यायचा हट्ट धरू नकोस. मुंबईत 1950 च्या दशकात ब्रीच कँडीला भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. तिथे चित्रकारांना नाममात्र भाड्यात कामाला जागा मिळायची. गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत. त्याच वास्तूत अल्काझींच्या नाटकमंडळींचं काम चाले आणि रविशंकर सतार शिकवत. गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकरांनी 1955 साली जेजे स्कूल ऑफ आर्टचं सुवर्णपदक मिळवलं. पण पदक मिळालं म्हणून कॅनव्हास टेकवायला भिंत मिळत नाही. त्यांनाही पुढे या इन्स्टिट्यूटमधल्या जागेचाच आधार झाला. पुढे त्याच बाई आर्टिस्ट्स सेंटर आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या कामात आयुष्यभर राहिल्या, नव्या मुलांसाठी धडपडल्या. मला त्यांच्या चित्रांइतकंच हेही मोठं वाटतं.

तशी संस्था आज कोल्हापुरात नाही, मान्य. पण तुम्ही तिघी-चौघी मिळून एक गाळा किंवा कुणाच्या वाड्यातली माडी भाड्याने घेऊ शकता. भाडं, लाइटबिल, टर्पेंटाइनचा डबा, सगळं वाटून घ्या. किल्ली मात्र प्रत्येकीकडे हवी. आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी काही सुचो न सुचो, तिथे जायचंच.

आता बघणाऱ्या माणसांचं. चित्रकार रझा तरुणपणी दिवसा छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत होते, आरा तर मोटारी धुवायचे. त्यांना आधार मिळाला तो कॉलेजबाहेरच्या माणसांकडून. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईला आलेले वॉल्टर लँगहॅमर या मुलांना घरी बोलवायचे, त्यांची कामं बघायचे, त्यावर बोलायचे. रूडी फॉन लेडन वर्तमानपत्रात लिहायचे. श्लेसिंगर पदरचे पैसे घालून चित्रं विकत घ्यायचे. बघणारा, लिहिणारा आणि विकत घेणारा अशी तीन माणसं त्या काळी त्या मुलांभोवती होती. तुला तिघं एकदम मिळणार नाहीत, पण निदान बघणारं माणूस तरी आजच शोध. शाळेतल्या तुझ्या चित्रकलेच्या सरांपासून सुरुवात कर. महिन्यातून एकदा कामं मांडून बसा, अर्धवट असली तरी चालतील. "छान आहे" एवढंच म्हणणाऱ्याला चहा द्या, पण पुढच्या वेळी बोलवू नका.

पैशांचं बोलायला लाजू नकोस. हॉटेलची भिंत रंगवायचं काम आलंय म्हणालीस ना? चौरस फुटाचा दर आधी ठरव. रंग आणि परांचीचा खर्च त्यात धरू नकोस, वेगळा लाव. अर्धे पैसे हातात पडल्याशिवाय ब्रश ओला करायचा नाही. हे सगळं लिहून घे, व्हॉट्सॲपवर का होईना. आणि ही एक गोष्ट कॉलेजात सहसा कोणी सांगत नाही: 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन सांगून चित्र करून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइट त्या गिऱ्हाइकाचा होतो. उद्या तुझं चित्र त्याने मेनूकार्डावर छापलं तर तुला काही बोलता येत नाही. म्हणून "छपाईचे हक्क चित्रकाराकडे" हे एक वाक्य कोटेशनमध्ये घालायचंच. चित्र तुझं आहे हे सांगण्याचा हक्क मात्र कलम 57 ने तुझ्याकडेच राहतो.

"ओळख होईल, फुकट कर" म्हणणारे भेटतीलच. त्यांना नमस्कार करायचा आणि निघायचं.

शिष्यवृत्तीला अर्ज करणं म्हणजे हात पसरणं, हे डोक्यातून काढून टाक बघू. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची योजना 18 ते 25 वयाची आहे, म्हणजे तुझ्याकडे वेळ थोडाच आहे. राज्य कला प्रदर्शनाकडे लक्ष ठेव, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाकडेही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची वाट बघत बसलीस तर वर्षं जातील. तोवर तुमच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारकाचं कलादालन चौघींनी मिळून घ्या.

अर्जासाठी फोटो नीट काढ. सावलीतला दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर धरलेला. फोटोत गादी-उशी दिसायला नको. प्रत्येक चित्राच्या मागे नाव, माध्यम, आकार आणि साल लिही. कॅनव्हास गुंडाळून न्यायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेव, आत ठेवलीस तर रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात.

राहता राहिले तुझे बाबा. त्यांना काळजी वाटते, ती खोटी नाही. शाळेत कलाशिक्षकाच्या जागा पूर्वीसारख्या निघत नाहीत, हे त्यांनाही दिसतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. महिन्याचा हिशेब मांडून दाखव: क्लासचे इतके, भिंतीचे इतके, भाडं इतकं. आकडे दिसले की वडील माणसं ऐकतात. गरज पडली तर मी फोन करते त्यांना.

अर्जाचा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. स्वतःबद्दलची माहिती मराठीतच लिही आधी, मग आपण दोघी बसून बघू.