भातखाचरांतील तणांचा बंदोबस्त : कापणी ते लावणी

भातातील तण म्हटले म्हणजे आषाढ-श्रावणातील बेणणी डोळ्यांपुढे येते. भर पावसात चिखलात वाकून घरची माणसे, विशेषतः स्त्रिया, दिवसच्या दिवस तण उपटीत असतात. मजूर वेळेवर न मिळाल्यास बेणणी लांबते आणि पिकासाठी घातलेल्या खतावर तणच पोसते. परंतु या तणांचे बी व गाठी खाचरात आधीपासूनच दडलेल्या असतात. सबब कापणी ते लावणी हाच त्यांच्या बंदोबस्ताचा खरा काळ होय.

प्रथम तणांचे दोन वर्ग ओळखावेत. सावा जातीचे गवत दरवर्षी बियांपासून उगवते. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून, तर हरळी मुख्यतः कांड्यांपासून वाढते. पहिल्या वर्गातील तणांचे बी सांडू देऊ नये. दुसऱ्या वर्गातील तणांच्या गाठी व कांड्या उन्हात सुकवून माराव्यात.

कापणीनंतर : कोकणातील जांभ्या दगडाची जमीन वाळल्यावर फार कठीण होते. म्हणून ओल असतानाच वाफशावर नांगरट करावी. ओल पुरेशी असल्यास वाल, हरभरा किंवा कुळीथ घ्यावा. मोकळ्या रानात तण माजते. बांधावरील व पाटातील गवत फुलोऱ्यापूर्वी कापावे.

उन्हाळ्यात : पाणी न टिकणाऱ्या उंच खाचरांत लव्हाळ्याचा उपद्रव अधिक असतो. त्याच्या बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटिमीटर थरात असतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ओल्या जमिनीत एकदाच नांगर फिरवून थांबल्यास गाठींची साखळी तुटते व प्रत्येक गाठीला स्वतंत्र कोंब फुटतो. म्हणजे अर्धवट नांगरटीने लव्हाळा वाढतो. म्हणून चैत्र-वैशाखात पुन्हा नांगरट करून ढेकळे उलटावीत, कडक उन्हात तापू द्यावीत आणि वर आलेल्या गाठी व हरळीच्या कांड्या वेचून जाळाव्यात. एखादी गाठ फोडून पाहावी. आत पांढरा, टणक गर असल्यास ती जिवंत आहे असे समजावे व काम पुढे चालू ठेवावे.

पहिल्या पावसानंतर : वळवाच्या किंवा मृगाच्या सरींनी तणांचे बी उगवू लागते. ते उगवू द्यावे व 10 ते 15 दिवसांनी नांगरून गाडावे. त्यानंतर चांगली चिखलणी करून खाचर सपाट करावे. उंचवटे राहिल्यास तेथे पाणी ठरत नाही व नेमके तेथेच तण माजते. रोपे जीव धरल्यावर सुमारे 5 सेंटिमीटर पाणी ठेवल्यास सावा जातीच्या गवताची नवी उगवण बरीच रोखली जाते.

बी व खत : तणाचे बी मिसळलेले बियाणे पेरू नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. कच्च्या शेणातून तणाचे जिवंत बी शेतात येते.

एका शेतकऱ्याने बांध स्वच्छ ठेवला आणि शेजाऱ्याने तण फुलू दिले, तर पाण्याबरोबर बी खालच्या खाचरात उतरते. यास्तव एका पाटावरील सर्व शेतकरी बंधूंनी हे काम एकविचाराने करावे. ग्रामकार्यकर्त्यांनी गावात एक खाचर निवडून त्याच्या अर्ध्या भागात वरीलप्रमाणे मशागत करावी, अर्धा भाग नेहमीप्रमाणे ठेवावा आणि दोन्ही भागांस बेणणीचे किती मजूर लागले याची नोंद ठेवावी. ती नोंद गावकऱ्यांस दाखविल्यास अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.