क्ले पिजन नेमबाजीच्या पहिल्या धड्याआधी

क्ले पिजन नेमबाजीत यंत्राने हवेत भिरकावलेली तबकडी शॉटगनने फोडायची असते. प्रमाण तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. चुनखडीची भुकटी आणि डांबरी राळ यांच्या मिश्रणातून ती घडवतात. त्यामुळे यंत्राचा झटका ती सोसते, पण दोन-चार छर्रे लागले की तिचे तुकडे होतात. पूर्वी हा खेळ पिंजऱ्यातून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर चाले; १९०० साली पॅरिसमध्येही तशी स्पर्धा झाली होती. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगाउस्की याने १८८० मध्ये तबकडी प्रचारात आणली आणि ब्रिटनने १९२१ मध्ये कोंडलेल्या पक्ष्यांवरची नेमबाजी कायद्याने बंद केली.

या खेळाचे मुख्य प्रकार तीन. ट्रॅपमध्ये तबकड्या नेमबाजापासून दूर जातात. स्कीटमध्ये त्या दोन बाजूंच्या घरांतून एकमेकींना छेदत जातात. स्पोर्टिंग प्रकारात रानातल्या पक्ष्यांसारख्या त्या कुठूनही येतात, कधी जमिनीवरून सशासारख्या उड्या मारत धावतात. भारताला या खेळाची ओळख बिकानेरच्या महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत मिळवलेल्या रौप्यपदकाने झाली आणि २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या डबल ट्रॅपमधील रौप्यपदकाने ती घरोघरी पोहोचली. महाराष्ट्राचे नाव मात्र प्रामुख्याने रायफलीशी जोडलेले आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे हे सगळे रायफलीचे नेमबाज. नवशिक्या मराठी माणसाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो, तो कसा ते पुढे येईल.

भारतात शॉटगनचे शिक्षण परवाना, क्लब आणि राज्य संघटनेच्या वाटेने मिळते, आणि ती वाट लांब आहे. त्यामुळे काही मराठी लोकांचा पहिला धडा ब्रिटनमध्ये होतो. नोकरी-शिक्षणासाठी तिथे राहणाऱ्यांना किंवा मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तो वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो, नाहीतर कार्यालयाच्या सहलीत पदरात पडतो. १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यात त्यासाठी सवलत आहे. कृत्रिम लक्ष्यावरील नेमबाजीसाठी पोलीसप्रमुखांनी मंजूर केलेल्या जागी आणि वेळी शॉटगन प्रमाणपत्र नसलेली व्यक्तीही बंदूक चालवू शकते. ही सवलत सरसकट नाही. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्याला बंदूक कधीच हाताळता येत नाही. तीन महिने ते तीन वर्षे शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर पाच वर्षे बंदी असते. आल्याआल्या सहीसाठी पुढे केला जाणारा कागद याच संदर्भातला असतो, म्हणून तो वाचून सही करावी. एखाद्याच्या शेतावर ‘चला, दोन बार टाकू’ असे आमंत्रण आले, तर त्या जागेला ही मंजुरी आहे का, किंवा जागेचा मालक कायद्यात बसेल अशा रीतीने स्वतः सोबत राहणार आहे का, हे आधी विचारणे भाग आहे.

पहिला धडा बिघडतो तो बहुधा पहिल्या बाराच्या आधीच, आणि त्याचे सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे डोळा. दोन डोळ्यांपैकी एक प्रभावी असतो आणि तो उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा उजवाच असेल असे नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांच्या मधे लहानसा झरोका ठेवावा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबच्या दाराची मूठ पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना मूठ झरोक्यातच राहते तो प्रभावी डोळा. एकदा पाहून निकाल धरू नये. निरनिराळ्या वेळी पुन्हा तपासावे, कारण काहींचा डोळा थकल्यावर बाजू बदलतो. बंदूक उजव्या खांद्याला आणि प्रभावी डोळा डावा असे असेल, तर बार लक्ष्याच्या डावीकडून जात राहतो आणि कारण न कळल्याने नवशिक्या आपल्या हातांना दोष देतो. यावर उपाय आहेत: डाव्या खांद्याने शिकणे, ऐन वेळी डावा डोळा मिटणे किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक पट्टीचा तुकडा चिकटवणे. कोणता उपाय धरायचा ते प्रशिक्षक ठरवतो. त्याला ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, तर धड्याचा बराच वेळ वाचतो.

चष्मा वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. गाल दस्त्याला टेकला की नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. लहान काचेची फ्रेम असेल तर नेमकी तिथे फ्रेमची कड आडवी येते. म्हणून लांबचे पाहण्याचा, मोठ्या काचेचा आणि घट्ट बसणारा साधा चष्मा असेल तर तो न्यावा. त्यावरून संरक्षक चष्मा चढवता येतो. चष्मा नसणाऱ्यांनाही संरक्षक चष्म्यावाचून गत्यंतर नाही, कारण फुटलेल्या तबकडीचे धारदार तुकडे वाऱ्याने मागे येतात आणि कठीण पृष्ठभागावर आपटलेला छर्रा उलटतो. याच कारणासाठी पुढे झाप असलेली टोपी उपयोगी पडते.

कानांच्या बाबतीत तडजोड नाही. शॉटगनच्या आवाजाची कमाल पातळी १४० डेसिबलच्या वर जाते आणि असा एकच बारही ऐकण्यावर कायमचा परिणाम करू शकतो. मैदानावर मिळणारे कानझाकणे चालते. त्याच्या आत फोमचे बोळे घातले तर अधिक चांगले. चष्म्याची जाड दांडी कानझाकण्याची गादी उचलून धरते आणि त्या फटीतून आवाज आत शिरतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपली पाळी नसताना बाजूला गप्पा मारताना कानझाकणे काढून ठेवणे ही सर्रास दिसणारी सवय आहे, आणि शेजारच्या जागेवरचा बार कानाला तितकाच घातक असतो.

कपड्यांचा विचार खांद्यापासून सुरू करावा. जिथे दस्ता टेकतो तिथे जाड शिवण, बटण, पिशवीचा पट्टा, अंतर्वस्त्राच्या पट्टीची कडी किंवा साखळी नसावी. मंगळसूत्र किंवा गळ्यातली लांब साखळी घरीच काढून ठेवावी. आत सरकवून भागत नाही, कारण बंदूक उचलताना ती नेमकी दस्त्याखाली येते. ओढणी, मफलर आणि टोपवाला स्वेटर टाळावा; टोपाची दुमड दस्त्याच्या टाचेत अडकते. इंग्लंडच्या थंडीत फुगीर जॅकेट घालण्याचा मोह होतो. त्याने दस्ता खांद्यापासून लांब राहतो आणि प्रत्येक वेळी निराळ्या जागी बसतो. त्याऐवजी अंगाबरोबरचे दोन-तीन पातळ थर आणि वरून बिनबाह्यांचे जाकीट बरे. पायात सपाट तळव्याचे बंद बूट हवेत, चिखलात चालतील असे.

झटक्याची भीती नवशिक्याच्या मनात सगळ्यात मोठी असते, आणि तिच्यापोटी बहुतेक जण ‘हलकी बंदूक द्या’ अशी मागणी करतात. ही मागणी चुकीची आहे. काडतूस तेच असेल तर हलकी बंदूक जास्त जोराने मागे येते. मागणी करायची ती हलक्या काडतुसाची. ऑलिंपिक स्पर्धेत काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, ब्रिटनच्या मैदानांवर सर्वसाधारणपणे २८ ग्रॅमपर्यंत चालतात, आणि शिकण्यासाठी २१ ग्रॅमची मिळतात. अंगावर बसणाऱ्या, पुरेशा वजनाच्या बंदुकीत ती घातली की सडपातळ व्यक्तीलाही त्रास होत नाही. खांद्यावर काळेनिळे डाग पडतात ते प्रामुख्याने दस्ता चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. गळ्याचे हाड आणि दंडाचा सांधा यांच्या मधे एक मऊ खळगा असतो, दस्ता तिथे हवा. तो दंडावर सरकला, किंवा भीतीने खांद्यापासून बोटभर लांब धरला गेला, की धक्क्याचा ठोसा होतो. बंदूक आधी गालाला आणि मग खांद्यात बसवायची असा क्रम शिकवतात. गाल दस्त्यावर टेकलेला राहिला तर तोंडाला काही होत नाही; टेकता-टेकता उचलला तर दस्ता गालफडावर आदळतो. अंगाचा तोल पुढच्या पायावर हवा. ताण आला की माणूस आपसूक मागे कलतो, आणि मग पहिला बारच त्याला हलवून सोडतो.

आता रायफलीचा मुद्दा. शाळा-महाविद्यालयात एनसीसीत किंवा एअर रायफलवर हात बसलेल्या व्यक्तीला वाटते की निम्मे काम झाले. प्रत्यक्षात तिला काही सवयी मोडाव्या लागतात. रायफलीत एक डोळा मिटून, श्वास रोखून, स्थिर लक्ष्यावर चाप हळूहळू दाबतात. शॉटगनमध्ये नजर तबकडीवर खिळलेली, शक्यतो दोन्ही डोळे उघडे आणि नळी सतत फिरती हवी. छर्रे नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघतात आणि पुढे मंदावतात. ३० मीटरवरून ताशी ६५ किलोमीटर वेगाने आडवी जाणारी तबकडी ते पोहोचेपर्यंत दीड-पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे नेम तिच्या पुढच्या मोकळ्या हवेत धरायचा, आणि चाप दाबल्यावरही नळी थांबवायची नाही. रायफलवाला नेम तपासायला नजर नळीच्या टोकाकडे नेतो, नळी क्षणभर थबकते आणि छर्रे मागून जातात. याची तयारी बंदुकीविना करता येते. झाडावरून उडालेल्या कावळ्यावर नजर ठेवून बोट त्याच्या पुढून न अडखळता फिरवत राहणे, इतका सराव पुरेसा आहे.

बंदुकीच्या शिस्तीचे नियम प्रशिक्षक सांगतोच: बंदूक उघडी आणि रिकामी घेऊन चालणे, नळीचे तोंड मैदानाकडे ठेवणे, तबकडी मागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे, सेफ्टीच्या खटक्यावर विसंबून न राहणे. चाप दाबूनही बार झाला नाही, तर नळी तशीच मैदानाकडे धरून थांबायचे आणि प्रशिक्षकाला सांगायचे. उघडून पाहायची घाई करायची नाही. मंद, फुसका आवाज आला तर पुढचे काडतूस घालण्याआधी नळी तपासली गेलीच पाहिजे. आदल्या रात्रीचे मद्य आणि झोप आणणारी औषधे या दिवशी वर्ज्य. छर्रे शिशाचे असल्याने आणि आवाज मोठा असल्याने गर्भवती स्त्रियांनी हा धडा पुढे ढकलणेच योग्य.

एक धोका मात्र सविस्तर समजून घ्यायला हवा, कारण कुटुंबाने मिळून शिकायला जाताना तो जवळ येतो. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर, २० बोअरचा साडेपंधराच्या आसपास. पत्नीला किंवा मुलाला २० बोअर आणि पतीला १२ बोअर दिलेली असते, आणि काडतुसे एकाच खिशात जातात. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकले तर ते घसरून पुढे जाते आणि अडकून बसते. मागून पाहिले तर नळी रिकामी वाटते. मग वर १२ बोअरचे काडतूस बसते, चाप दाबला जातो आणि नळी डाव्या हाताजवळ फुटते. हे टाळावे म्हणून २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. तरीही खिसे वेगळे आणि काडतुसे ज्याची त्याच्याचजवळ, हा नियम मोडू नये.

पहिल्या दिवशी २५ काडतुसे पुरे आहेत. बंदुकीचे वजन साडेतीन किलोच्या आसपास असते. हात दमले की दस्ता खांद्यात खोल बसत नाही, गाल उचलला जातो आणि शिकलेले सगळे सुटत जाते. अजून पैसे भरलेले आहेत म्हणून ५० पर्यंत ताणण्यात काही लाभ नाही. आदल्या दिवशी खांदा, मान किंवा पाठ दुखत असेल तर तेही प्रशिक्षकाला सांगावे. चांगला प्रशिक्षक सुरुवातीला सरळ दूर जाणारी, संथ तबकडी देतो. तो पहिल्यापासून आडव्या, वेगवान तबकड्या देऊ लागला, तर सोप्या मागण्यात संकोच बाळगू नये.

धडा संपल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने धुवावेत आणि घरी पोहोचल्यावर कपडे वेगळे धुवावेत, कारण शिशाची धूळ हाताला आणि बाह्यांना लागलेली असते. भारतात परतणाऱ्यांनी जाकिटाचे, पिशवीचे सगळे खिसे उलटे करून पाहावेत. वापरलेले काडतूसही आठवण म्हणून सामानात ठेवू नये. तपासणीत ते अडवले जाते. आणि न उडवलेले एखादे काडतूस जरी भारतीय विमानतळावर सापडले, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.