चित्त ठिकाणावर असणे
(पाठ : लूक १०:३८–४२)

उपदेशकबंधूंनो, आम्ही एकदा एका आजारी म्हाताऱ्याच्या बाजेजवळ बसलो होतो. तो बोलत होता व आम्ही मान डोलवीत होतो. मन मात्र पुढच्या गावच्या उपासनेत गुंतले होते. आम्ही उठताच तो म्हणाला, “पाळकसाहेब, थोरल्याला तेवढे सांगाल ना?” काय सांगावयाचे, हे आम्हांस ठाऊकच नव्हते! दम लागत असता त्या बिचाऱ्यास सारे पुन्हा बोलावे लागले. थोरल्याने धाकट्याशी धरलेला अबोला सोडावा, एवढाच तो निरोप होता.

मार्थेचा दोष स्वयंपाक करण्यात होता, असे पुष्कळ लोक समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. हात चुलीशी असून तिचे मन दहा ठिकाणी ओढले जात होते. प्रभूने दाखविले ते हेच. चुलीपाशीही चित्त स्थिर राहते, ह्याचा दाखला फ्रान्स देशातील बंधु लॉरेन्स हे होत. (ते रोमन पंथाचे, म्हणून कोणी दचकू नये, जॉन वेस्ली ह्यांनीही त्यांचे लेख आपल्या ग्रंथमालेत घेतले.) ते पूर्वी शिपाई होते, व लढाईत त्यांचा पाय दुखावला होता. १६४० साली ते पॅरिस येथील कार्मेल मठात गेले, तेव्हा त्यांच्या वाट्यास स्वयंपाकघर आले. त्या कामाचा त्यांना मुळातच तिटकारा! तरी सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ते केले. पुढे वहाणा शिवण्याचे काम केले. भांड्यांच्या गलबल्यातही देव आपल्यासमोर आहे, ह्या जाणिवेने ते हातातील काम करीत. कामाची वेळ व प्रार्थनेची वेळ ह्यांत ते भेद मानीत नसत. मात्र पहिली दहा वर्षे फार क्लेशाची गेली, असे त्यांनीच कबूल केले आहे. १६९१ साली ते मरण पावले.

मन भटकले म्हणजे त्याजवर रागावू नये, शांतपणे माघारी आणावे, असे ते शिकवीत. वासरू चुकले तर आपण त्यास काठीने बडवितो काय? हाक मारतो. शंभरदा गेले तर शंभरदा हाक मारावी.

ह्या आठवड्यात प्रत्येकाने रोजचे एकच काम निवडावे: धार काढणे, भाकरी थापणे, किंवा शेतावर चालत जाणे. तेवढा वेळ उद्याचा हिशेब व कालचे भांडण बाजूस ठेवून, देवासमोर ते काम करावे. उपदेशकांनी घरोघर भेटीस जाताना हाच अभ्यास करावा. समोरचा मनुष्य बोलत असता उत्तर जुळवीत बसू नये. मन किती वेळा पळाले, हे रविवारच्या वर्गात न लाजता सांगावे. प्रारंभ आम्ही करू.