बांधावरून माणसाची पारख



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी वाचता. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. आपण एकमेकांविषयी मत कसे बनवतो आणि चारचौघांत कसे वागतो, याचा अभ्यास करणारे सामाजिक मानसशास्त्र नावाचे शास्त्र आहे. त्यातील तीन प्रयोग आपल्या शिवाराला चांगले लागू पडतात, म्हणून येथे देत आहोत.

पहिला धडा : आधी कारण विचारावे

मागे एका गावी पाहणीस गेलो असता एका सभासदाचा खोडवा तणाने भरलेला दिसला. आम्ही बांधावरूनच वहीत ‘दुर्लक्ष’ असा शेरा मारला. त्या शेऱ्यामुळे बेणेमळ्याच्या यादीतून त्यांचे नाव गळाले. पुढे कळले की घरातला कर्ता मुलगा दोन महिने दवाखान्यात होता आणि त्यातच मोटर जळालेली. आम्हाला तण दिसले, दवाखाना दिसला नाही. तोवर यादी दुरुस्त करण्याची वेळ निघून गेली होती.

१९६७ साली एडवर्ड जोन्स व व्हिक्टर हॅरिस या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे व विरोधातले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू मांडायची हे लिहिणाऱ्याला ठरवून दिले होते, असे सांगूनसुद्धा ‘याचे स्वतःचे मतही तसेच असणार’ असे मानण्याकडे वाचणाऱ्यांचा कल राहिला. १९७७ साली ली रॉस यांनी या चुकीला नाव दिले. मराठीत तिला ‘आरोपणातील मूलभूत चूक’ म्हणता येईल. दुसऱ्याचे वागणे त्याच्या स्वभावाच्या खाती टाकायचे आणि परिस्थिती विसरायची, असा त्याचा अर्थ.

टोळी चार दिवस उशिरा आली की ‘चिटबॉयने पैसे खाल्ले’ असे सभासदही म्हणून मोकळे होतात. तसे खरोखर घडले असेल तर लेखी तक्रार जरूर करावी. पण ट्रॅक्टर बंद पडला काय, टोळीत कोणी आजारी आहे काय, हे आधी विचारावे.

दुसरा धडा : एकाने तरी खरे बोलावे

१९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. तिन्हींपैकी कोणती पहिलीएवढी, एवढेच सांगायचे. एकट्याने सांगताना चूक शंभरात एकदासुद्धा होत नसे. पण आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, की खरा परीक्षार्थी शंभरातून सुमारे ३७ वेळा त्यांच्यामागे जाई. गटात एकजण जरी बरोबर बोलणारा ठेवला, तरी ही चूक साधारण एक चतुर्थांशावर येई.

एका गटसभेत सगळे म्हणाले, पाचट पेटवल्याशिवाय खोडवा फुटत नाही. पाचट न जाळता उत्तम खोडवा आणलेले एक सभासद तिथेच गप्प बसून होते. नंतर विचारले तर म्हणाले, “साहेब, समदेच तसं म्हणत्यात, मी एकटा कशाला वाकडा होऊ?” त्या दिवशी ते दोन शब्द बोलले असते, तर आणखी चारजणांनी पाचट सरीत ठेवले असते. पाचटाने ओल टिकते, तण दबते आणि कुजल्यावर त्याचे खत होते.

तिसरा धडा : ‘कोणीतरी सांगेल’ म्हणू नये

१९६८ साली बिब लाताने व जॉन डार्ली यांनी एका खोलीत विद्यार्थ्यांना फॉर्म भरायला बसवले आणि भिंतीच्या झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन सांगितले. मुद्दाम गप्प राहणाऱ्या दोघांसोबत जे बसले होते, त्या दहांपैकी एकानेच सांगितले. इतर स्वस्थ आहेत म्हणजे काही विशेष नसेल, अशी प्रत्येकाने समजूत करून घेतली.

काणीचे असेच होते. उसाच्या शेंड्याला काळा चाबूक आलेला रस्त्याने जाणारे दहाजण पाहतात. मालकाला ठाऊक असेल, शेतकी खात्याला कळले असेल, असे म्हणून पुढे जातात. तोवर वाऱ्याने रोगाचे बीजाणू शेजारच्या रानात पसरतात. म्हणून दिसताक्षणी मालकाला व गट ऑफिसला कळवावे. चाबूक पिशवीत धरून अलगद कापावा, बेट मुळासकट उपटून जाळावे, त्या प्लॉटचे बेणे वापरू नये आणि तिथे खोडवाही राखू नये.

यापुढे सभासदाच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय ‘दुर्लक्ष’ हा शेरा लिहायचा नाही, असे आम्ही शेतकी खात्यात ठरवले आहे. सभासदांनीही पुढच्या गटसभेत आपला अनुभव, तो चारचौघांपेक्षा वेगळा असला तरी, उभे राहून सांगावा, ही विनंती.