आंब्यावरची आमरी : बांडगूळ नव्हे!



मे महिन्याच्या अखेरीस जांबोटी, कणकुंबीकडे गेलात तर जुन्या झाडांच्या खोडांकडे जरा वर मान करून पाहा. जाड, पट्ट्यासारखी पाने असलेली एक वनस्पती फांदीला चिकटलेली दिसेल आणि तिच्यातून जांभळट-गुलाबी फुलांचा घोस खाली लोंबत असेल. अशी झाडे आंब्यावर दिसली की 'बांडगूळ आहे, काढून टाका' म्हणून ती कोयत्याने खरवडली जातात. या अंकात आम्ही तिची बाजू मांडणार आहोत.

ही आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव एरिडीस मॅक्युलोसा. 'एरिडीस' म्हणजे हवेची लेकरे. लुरेरो या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने 1790 साली हे नाव दिले. 'मॅक्युलोसा' म्हणजे ठिपकेदार. या जातीचे वर्णन इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले याने 1845 साली केले. ही जात भारतीय द्वीपकल्पातलीच असून पश्चिम घाटात आढळते. आसामचे राज्यफूल असलेली ऱ्हिंकोस्टायलिस हिच्यासारखीच दिसते, पण तिचा घोस शेपटासारखा दाट असतो. गावोगावी या दोघींच्या नावांची अदलाबदल होते, तेव्हा नावापेक्षा फूल पाहावे. पाकळ्या फिकट गुलाबी, त्यांवर जांभळे ठिपके, पुढची ओठासारखी पाकळी गडद. पानाचे टोक दुभागलेले.

आता बांडगुळाचा आरोप. खरे बांडगूळ आपली शोषक मुळे झाडाच्या सालीतून आत घुसवते आणि त्याचा रस ओढते. त्याची फांदी वाळते, हे शेतकऱ्याचे म्हणणे बरोबरच आहे. आमरी मात्र फक्त आधार घेते. तिची मुळे सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत. त्यांच्यावर स्पंजासारखे पांढरे आवरण असते, ते पावसाचे आणि दवाचे पाणी टिपते. ओले मूळ हिरवे आणि कोरडे झाले की पांढरे, हा प्रयोग कोणीही करून पाहावा. तिचे अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते. भाडेकरू म्हणा हवे तर, चोर नव्हे!

एक झाड ओरबाडले तर दुसरे येईल, असे वाटते ना? तिथेच अडचण आहे. एका बोंडात धुळीइतके बारीक, असंख्य बी असते, पण त्यात अंकुरासाठी साठवलेले अन्न जवळजवळ नसते. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते. म्हणून जंगलात रोपटे क्वचितच तयार होते आणि त्याला फुलायला काही वर्षे लागतात. 1922 साली अमेरिकेतील नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीशिवाय आमरीचे बी रुजवून दाखवले. प्रयोगशाळेतील रोपे त्यामुळे शक्य झाली. पालकांनी आमरी विकत घ्यायची असेल तर अशा रोपवाटिकेतलीच घ्यावी. घाटातल्या झाडावरून काढून आणलेली नको. सर्व आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' करारानुसार नियंत्रित आहे.

लागवड सोपी आहे, फक्त मातीत लावू नका. मातीत मुळे कुजतात, बहुतेकांची आमरी तिथेच मरते. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे भरावेत, थोडा नारळाचा काथ्या घालावा. त्याहून उत्तम म्हणजे अंगणातील आंब्याच्या किंवा चिकूच्या खडबडीत खोडाला सुतळीने बांधावे. सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारचे टळेल अशी बाजू निवडावी. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी शिंपडावे, थंडीत आठवड्यातून दोनदा पुरते. पानांच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नये. वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी अगदी पातळ केलेले खत फवारावे. पावसाळ्यात पाण्याची काळजी पाऊसच घेतो, वारा मात्र खेळता हवा. मुळांनी साल घट्ट धरली की सुतळी काढून टाकावी.