पिंप रिकामे केले, पण घासले का?

गेल्या पावसाळ्यात वराळे येथील एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. चार दिवसांचा ताप, डोळ्यांमागे दुखणे आणि अंगावर पुरळ. रक्ततपासणीत डेंग्यू निघाला. "डॉक्टर, आम्ही दर रविवारी पिंप रिकामे करतो. मग डास आले कुठून?" मी विचारले, "रिकामे करता, पण आतून घासता का?" ते गप्प झाले.

मेख इथेच आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर मुख्यतः घराजवळच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. पिंप कोरडे पडले तरी ती अंडी अनेक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि साधारण ८ ते १० दिवसांत डास उडू लागतात.

हाच डास चिकुनगुनिया व झिकाही पसरवतो. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला. झिकाचा ताप बहुधा सौम्य असतो. मात्र गर्भवतीला तो झाल्यास पोटातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून घरात गर्भवती असेल तर अधिकच दक्ष राहावे.

आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळावा. तो असा :

१) पिंप, रांजण, हंडे रिकामे करून आतून काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासावेत. पाण्याची रेषा असते तेथे विशेष जोर द्यावा. मग कोरडे करून भरावेत व घट्ट झाकावेत.

२) फ्रिजमागचा ट्रे, कूलर, फुलदाणी आणि कुंडीखालची बशी विसरू नये.

३) जुने टायर, करवंट्या, फुटके डबे यांची विल्हेवाट लावावी. पावसासाठी घातलेल्या प्लास्टिकच्या कागदावर साचलेले पाणी झटकावे.

४) रिकामा करता न येणाऱ्या हौदासाठी गप्पी मासे किंवा अळीनाशक यांबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारावे.

ताप आल्यास अॅस्पिरिन वा ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रुग्णास दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी दिसली तर तडक रुग्णालय गाठावे. ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

ती मुलगी सुदैवाने बरी झाली. आता रविवारी वडील पिंप रिकामे करतात आणि ती स्वतः काथ्या घेऊन घासायला बसते. आपल्या घरी हे काम कोण करणार, हे आजच ठरवून टाका.