अकाऊंट ‘पब्लिक’ केलं आणि घरी कळलं तर?

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालाय. मी गे आहे. घरी कुणालाच ठाऊक नाही, मोजक्या मित्रांना आहे. इन्स्टाग्रामवर माझी दोन अकाऊंट आहेत. एकावर आत्या, मामा, चुलत भावंडं सगळी. दुसरं प्रायव्हेट, फक्त जवळच्यांसाठी. आता व्हिसासाठी सगळी अकाऊंट पब्लिक करायला सांगतात. ते दुसरं अकाऊंट दिसलं तर व्हिसा नाकारतील का? फॉर्मवर लिहिलंच नाही तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया अकाऊंटची नावं २०१९पासून विचारली जातात. जून २०२५पासून एफ, एम आणि जे या विद्यार्थी आणि देवाणघेवाण व्हिसांच्या अर्जदारांनी ती पब्लिक ठेवावीत, अशी सूचना आहे. लपवलेलं अकाऊंट सापडलं, तर हा व्हिसा जाऊ शकतो आणि पुढचे अर्जही अडचणीत येतात. तेव्हा दोन्ही नावं लिही.

गे असणं हे आज व्हिसा नाकारण्याचं कायदेशीर कारण नाही. एकेकाळी होतं. १९५२च्या इमिग्रेशन कायद्यातल्या ‘सायकोपॅथिक पर्सनॅलिटी’ या शब्दांचा आधार घेऊन समलिंगी माणसांना अमेरिकेत शिरू दिलं जात नसे, आणि १९६७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. १९९०च्या कायद्याने ती बंदी गेली. एचआयव्हीसह जगणाऱ्यांवरची बंदी उठायला मात्र २०१० उजाडलं.

मुलाखतीतला अधिकारी आणखी एक गोष्ट तपासतो. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी)नुसार, हा मुलगा शिक्षण संपवून परत येणार आहे, हे तुला त्याला पटवून द्यावं लागतं. त्यामुळे तू कुणाचा हात धरून फोटो काढलास यापेक्षा ‘एकदा इथून सुटलो की परत तोंड दाखवणार नाही’ असं रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य जास्त महागात पडेल. मुलाखतीआधी स्वतःचं अकाऊंट परक्याच्या नजरेने पहिल्यापासून वाचून काढ आणि विचारलं तर काय सांगायचं, ते ठरवून ठेव.

तुझी खरी भीती नातेवाइकांची आहे, आणि ती रास्त आहे. अकाऊंट पब्लिक असलं तरी ठरावीक माणसांना ब्लॉक करता येतं. आत्या-मामांपासून सुरुवात कर. फोनमधले कॉन्टॅक्ट अ‍ॅपशी जोडणं बंद कर, नाहीतर तुझं अकाऊंट आपोआप भावंडांना सुचवलं जाऊ शकतं. टॅग झालेले फोटो एकेक करून बघ. त्यात मित्रांचे चेहरेही असतील. त्यांच्याही घरी ठाऊक नसेल, तेव्हा पब्लिक करण्याआधी त्यांना सांग. तुझ्या व्हिसापायी त्यांच्या घरात वादळ उठायला नको.

आता पैशांचं. शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून बहुधा वडिलांची सही असेल आणि विद्यापीठाच्या आय-२० या प्रवेशपत्रासाठी दाखवलेली शिल्लकही त्यांचीच. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यावर फी निघत नाही. मधल्या सत्रात घरून पैसे थांबले, तर शिक्षण अर्ध्यावर सुटतं. म्हणून मला वाटतं, निघायच्या आदल्या रात्री भावनेच्या भरात घरी सांगू नकोस. सांगायचं तेव्हा सांग, पण पायाखाली जमीन असू दे. तोवर गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे.

रूममेट कोण असेल, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. प्रवेश मिळाला की आपल्याकडच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतो, तिथेच चौघं मिळून दोन बेडरूमचं घर ठरवतात आणि वर्षभराच्या करारावर सह्या करतात. चौघांतला एक तुझ्याच कॉलेजचा निघतो, त्याची आई तुझ्या आईला ओळखते. तिथेही चार भिंतींआड तेच लपवणं सुरू झालं, तर हजारो मैलांवर जाऊन काय मिळवलं? परवडत असेल तर पहिलं सत्र विद्यापीठाच्या वसतिगृहात काढ. नाहीतर करार एकाच सत्राचा कर आणि माणसं पारखून पुढचं ठरव.

विद्यापीठाचीही चौकशी आत्ताच कर, आणि जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. मिशिगन विद्यापीठाने १९७१मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय सुरू केलं. अमेरिकेतलं ते तसलं पहिलं. टेक्सासमध्ये मात्र ह्यूस्टन विद्यापीठाचं एलजीबीटीक्यू केंद्र २०२३मध्ये बंद झालं, आणि १ जानेवारी २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने सगळ्याच सरकारी विद्यापीठांना विविधता-समावेशनाची कार्यालयं ठेवायला मनाई केली. विद्यापीठात समुपदेशक असतातच. तू त्यांच्याशी बोललास तर ते परस्पर तुझ्या घरी कळवत नाहीत.

हे वाचणाऱ्या ट्रान्स विद्यार्थ्यांपुढची अडचण तुझ्याहून मोठी आहे. २० जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने व्हिसासकट सरकारी कागदांवर जन्माच्या वेळची लिंगनोंदच ग्राह्य धरायला सांगितलं. पासपोर्टवरची नोंद बदललेली असेल, तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय फॉर्म भरू नये.

तिकडे आपली माणसंही आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९८६पासून ‘त्रिकोण’ ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था आहे, न्यूयॉर्कमध्ये ‘साल्गा’. पण त्याआधी इथेच कुणाशी तरी मोकळेपणाने बोल. मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ आहे, पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’. तिथे मराठीत बोलणारी, हे सगळं स्वतः सोसलेली माणसं भेटतील. सांगलीहून पुणे काही लांब नाही. सामान बांधायला घेण्याआधी एकदा जाऊन ये.